कठीण पोलादाचे मृदूकरण : 'वूट्झ'च्या इतिहासाचे एक दुर्लक्षित अंग

प्रस्तावना

भारतीय धातुविद्येच्या इतिहासात दक्षिणेकडील मुशीच्या पोलादाला, म्हणजे 'वूट्झ'ला, मानाचे स्थान आहे. या पोलादापासून पश्चिम आशियात तलवारी घडविल्या गेल्या आणि 'दमास्कस पोलाद' या नावाने त्या जगभर गाजल्या. या विषयावरील लेखनात साधारणपणे दोन गोष्टींवर भर दिलेला आढळतो. एक म्हणजे या पोलादाची कठीणता व धार, आणि दुसरी म्हणजे पात्यावर उमटणारी पाण्याच्या लहरींसारखी नक्षी. परंतु मुशीतून बाहेर पडलेली पोलादाची वडी आणि तयार पाते यांच्यामध्ये एक अवघड टप्पा होता. वडी इतकी कठीण व ठिसूळ असे की ती आहे त्या स्थितीत ऐरणीवर घेणे शक्य नसे. घणाखाली तिचे पाते होण्याऐवजी तुकडे होत. म्हणून ती आधी मवाळ करावी लागे. पोलाद कठीण करण्यासाठी त्याला पाणी देण्याची कला जगात अनेक ठिकाणी अवगत होती. मुळातच अतिकठीण असलेले पोलाद घडणीयोग्य मऊ करणे ही मात्र वेगळी विद्या होती. प्रस्तुत लेखात या मृदूकरणाच्या विद्येचा मागोवा घेतला असून, वूट्झच्या इतिहासात तिला मध्यवर्ती स्थान द्यावे लागते, असे प्रतिपादन केले आहे.

लोहाच्या मृदुत्वाचा विचार भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन वर्ग सांगितले असून मुंडाचे पुन्हा मृदु, कुंठ व कडार असे प्रकार केलेले आहेत. मराठीत पोलादासाठी पूर्वी रूढ असलेला 'तिखे' हा शब्द 'तीक्ष्ण' याच्याशीच नाते सांगतो. लोहाची ओळख त्याच्या घाटावरून नव्हे, तर घणाखालील व धारेवरील वर्तनावरून करण्याची ही दृष्टी आहे.

ठिसूळपणाचे कारण

मृदूकरणाचे महत्त्व कळण्यासाठी वूट्झची अंतर्रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. साध्या घडीव लोखंडात कार्बनचे प्रमाण नगण्य असते. वूट्झमध्ये ते सामान्यतः १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान, बहुधा दीड टक्क्याच्या आसपास आढळते. लोह व कार्बन यांच्या संयोगातून सिमेंटाइट हे अतिशय कठीण व ठिसूळ संयुग तयार होते. पोलाद सावकाश थंड होताना ०.७७ टक्क्यापेक्षा अधिक असलेल्या कार्बनमुळे हे सिमेंटाइट प्रथम रव्यांच्या सीमांवर जमते. पुढे ७२७ अंश सेल्सिअसखाली उरलेल्या भागात मऊ फेराइट व कठीण सिमेंटाइट यांचे पातळ थर एकाआड एक तयार होतात. या थरांच्या रचनेस पर्लाइट म्हणतात. अशा पोलादात प्रत्येक रव्याभोवती सिमेंटाइटचे जणू काचेचे कवच असते. घणाचा आघात झाला की तडा या कवचातूनच वाट काढतो.

उष्णता वाढवून काम भागवावे, तर तेथेही अडचण होती. युरोपातील लोहार शुद्ध लोखंड पांढऱ्या उष्णतेवर, म्हणजे सुमारे १,२०० अंशांच्या वर, घडविण्यास सरावलेले होते. अधिक कार्बनचे पोलाद मात्र ११५० अंशांच्या आसपासच काही ठिकाणी वितळू लागते, आणि फॉस्फरस किंवा गंधक यांचा अंश असल्यास त्याही आधी. रव्यांच्या सीमांवर द्रव साचलेला असताना घण पडला की वडी वाळूच्या ढेकळासारखी फुटते. थंड स्थितीत ठिसूळ, अतितप्त स्थितीत भुसभुशीत आणि मधल्या मंद लाल उष्णतेच्या अरुंद पट्ट्यात तेवढे घडविण्याजोगे, असे या पोलादाचे तिहेरी वर्तन होते. त्या पट्ट्यात काम करता यावे म्हणून वडीची आधी तयारी करून घेणे, हेच मृदूकरणाचे प्रयोजन होय.

दोन साक्षी : कोनासमुद्रम आणि मद्रास इलाखा

मुशीच्या पोलादाच्या निर्मितीची वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मिळू लागतात. फ्रान्सिस बुकानन याने १८०० ते १८०१ या काळात म्हैसूर व मलबार प्रदेशांत प्रवास केला. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तात लोखंडाचे तुकडे, तरवडाचे लाकूड व हिरवी पाने मातीच्या मुशीत बंद करून भट्टीत तापविण्याची रीत नोंदलेली आहे. या वर्णनांतील मुशीचा भाग पुढील अभ्यासकांनी बारकाईने वाचला. मूस फोडल्यानंतर वडीचे काय केले जाई, हा भाग तुलनेने उपेक्षित राहिला. त्या दृष्टीने दोन साक्षी विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली साक्ष हेन्री व्हॉयसी याची आहे. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात शल्यचिकित्सक व भूशास्त्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या व्हॉयसीने आजच्या तेलंगणातील निझामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम येथील पोलादनिर्मितीची पाहणी केली. १८२४ मध्ये त्याचे निधन झाले आणि त्याचे टिपण १८३२ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगॉलच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड मिसळून मुशीत घालण्याची पद्धत आणि मालाच्या खरेदीसाठी येणारे इराणी व्यापारी यांचे वर्णन त्यात आहे. मुशीतून निघालेल्या वडीबाबत त्याने दिलेली माहिती अशी की, तिच्यावर मातीचा लेप देऊन ती भट्टीत १२ ते १६ तास तापवीत, नंतर बाहेर काढून थंड होऊ देत आणि पुन्हा तापवीत. पोलाद काम करण्याजोगे मऊ होईपर्यंत हीच क्रिया तिसऱ्यांदा व चौथ्यांदाही केली जाई.

दुसरी साक्ष जोसाया मार्शल हीथ याची आहे. मद्रास इलाख्यातील सनदी नोकरी सोडून पोर्टो नोव्हो येथे लोखंडाचा कारखाना उभारणाऱ्या हीथने १८३०च्या दशकाअखेरीस भारतीय लोखंड व पोलाद यांविषयी लिहिले. त्याच्या वर्णनानुसार वड्यांच्या कांबी काढण्यापूर्वी त्या कोळशाच्या लहान भट्टीत कित्येक तास तापविल्या जात. भात्याचा वारा थेट वड्यांवर खेळेल अशी योजना असे. वड्या सतत उलटसुलट केल्या जात आणि उष्णता वितळणबिंदूच्या किंचितच खाली राखली जाई. यामुळे जादा कार्बन निघून जातो, असे हीथचे मत होते.

ही दोन्ही वर्णने सामान्यतः 'अनुशीतन' या एकाच नावाखाली मोडतात. तथापि शेजारी ठेवून वाचली असता त्यांतील भेद स्पष्ट होतो. हीथच्या वर्णनात वडी उघडी आहे, वारा तिच्यावर खेळतो आहे आणि उष्णता फार मोठी आहे. येथे पृष्ठभागावरचा कार्बन जळून जातो आणि ठिसूळ गाभ्याभोवती कमी कार्बनचे चिवट आवरण तयार होते. म्हणजे येथे पोलादाचे घटकप्रमाणच काही अंशी बदलले जाते. व्हॉयसीच्या वर्णनात मात्र वडीवर मातीचा लेप आहे. लेपामुळे हवेशी येणारा संपर्क कमी होतो आणि कार्बन बव्हंशी आत राहतो. तरीही पोलाद मऊ होते, ते दीर्घकाळच्या व पुन्हापुन्हा केलेल्या तापन-शीतनामुळे. पहिल्या पद्धतीत द्रव्य बदलते, दुसरीत प्रामुख्याने त्याची मांडणी बदलते. भट्टीतील तापमान व्हॉयसीने मोजलेले नव्हते, आणि तसे साधनही त्या काळी उपलब्ध नव्हते. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीविषयीचे हे विधान अनुमानाच्या पातळीवरचेच मानावे लागेल. मात्र मातीचा लेप, दीर्घ अवधी आणि तीन-चार आवर्तने या तिन्ही तपशिलांचा मेळ त्याच अनुमानाशी बसतो.

मुंबईहून लंडनला

युरोपीय विज्ञानाशी वूट्झची औपचारिक गाठ मुंबईमार्गे पडली. मुंबईत वैद्यक व्यवसाय करणाऱ्या हेलेनस स्कॉट याने १७९४ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे या पोलादाचे नमुने पाठविले. जॉर्ज पिअर्सन याने त्यांचे परीक्षण करून १७९५ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. निबंधाच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईस तयार होत असून तेथे त्याला 'वूट्झ' म्हणतात, असा उल्लेख आहे. वास्तविक मुंबई हे निर्यातीचे बंदर होते आणि निर्मितीची केंद्रे दक्षिणेत होती. कन्नडमधील 'उक्कु' या शब्दाचा अपभ्रंश होऊन 'वूट्झ' हे नाव रूढ झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बंदराचे नाव उगमस्थानाला चिकटले आणि कारागिरांची गावे कागदावरून पुसली गेली. वसाहतकालीन ज्ञानव्यवहारात असे वारंवार घडलेले दिसते.

स्कॉटच्या पत्रातील एक तपशील येथे लक्षात घेण्याजोगा आहे. हे पोलाद अगदी मंद लाल उष्णतेपलीकडे टिकत नाही आणि म्हणून लोहाराच्या हाती त्याचे काम फार संथपणे चालते, असे त्याने कळविले होते. ही माहिती येथील कारागिरांच्या अनुभवावर आधारलेली होती, हे उघड आहे. लंडनमधील कुशल शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट याने पिअर्सनच्या परीक्षणाच्या निमित्ताने वूट्झपासून एक लहान चाकू घडविला, तो अंधारात जेमतेम दिसेल इतक्याच लाल उष्णतेवर. पथ्य पाळले तेथे यश आले. याच्या उलट उदाहरण त्याआधीच्या फ्रान्समध्ये आढळते. रेओम्यूर या शास्त्रज्ञाला कैरोहून भारतीय पोलादाची वडी मिळाली होती. पॅरिसमधील एकाही लोहाराला ती घडविता आली नाही. याच रेओम्यूरच्या १७२२ मधील प्रसिद्ध ग्रंथाचा एक विषय बिडाचे लोखंड मऊ करण्याची कला हा होता. दीर्घकाळ तापवून ठिसूळ बीड मवाळ करता येते, हे त्याने सप्रयोग दाखविले. मृदूकरणाची विद्या एका धातूसाठी हाती असूनही तिचा संबंध समोरच्या वडीशी जोडला गेला नाही.

स्टोडार्टच्या सहकार्याने मायकेल फॅरडे याने १८१९ मध्ये वूट्झचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. वूट्झच्या गुणांचे कारण त्यातील ॲल्युमिना व सिलिका यांच्या अंशात असावे, असे त्याचे अनुमान होते. ते पुढे चुकीचे ठरले. परंतु त्या शोधातून १८२० व १८२२ मधील पोलादाच्या मिश्रधातूंवरील प्रयोग जन्मले. पॅरिसच्या टांकसाळीतील परीक्षक ब्रेआं याने सुमारे ३०० प्रयोगांअंती कार्बन हेच मुख्य कारण असल्याचे १८२३ मध्ये मांडले. या सर्व संशोधनाचा रोख 'पोलादात काय आहे' या प्रश्नाकडे होता. त्यातील घटकांची मांडणी कशी आहे आणि ती उष्णतेने कशी बदलते, हा प्रश्न अद्याप नीट विचारला गेला नव्हता.

सूक्ष्मदर्शकाखालील पोलाद

रशियातील उरल प्रदेशात झ्लातोउस्त येथे पावेल अनोसोव याने १८३१ मध्ये पोलादाच्या पृष्ठभागाच्या निरीक्षणासाठी सूक्ष्मदर्शक वापरला आणि १८४१ मध्ये 'बुलात' पोलादावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. शेफील्डचा हेन्री क्लिफ्टन सॉर्बी याने १८६३-६४ मध्ये पोलादाचे तुकडे घासून, चकचकीत करून व अम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. धातूचा पृष्ठभाग एकजिनसी नसून अनेक घटकांच्या रव्यांनी बनलेला आहे, हे त्यातून दिसले. १८६८ मध्ये दिमित्री चेर्नोव याने पोलाद तापविताना विशिष्ट तापमानांना त्याची अंतर्रचना बदलते, हे दाखवून दिले. पुढे ऑस्माँ याने उष्णतामापकाच्या साहाय्याने ही तापमाने निश्चित केली. १९३० मध्ये डेव्हनपोर्ट व बेन यांनी स्थिर तापमानात पोलादाची रचना काळानुसार कशी पालटते, याचे आलेख मांडले. तापमान, काळ आणि रचना या तिन्हींचा संबंध आता स्पष्ट झाला होता.

या शास्त्राच्या आधारे मृदूकरणाचे गमक सांगता येते. कार्बनयुक्त पोलाद ७२७ अंशांच्या किंचित खाली बराच वेळ ठेवले, किंवा त्या तापमानाच्या वरखाली आवर्तने केली, तर सिमेंटाइटचे थर व जाळे तुटू लागते. पातळ पत्र्याच्या मानाने गोलकाचे पृष्ठफळ कमी असते. पृष्ठऊर्जा कमी करण्याच्या नैसर्गिक प्रवृत्तीमुळे सिमेंटाइटचे तुकडे हळूहळू गोल कणांचे रूप घेतात. कठीण द्रव्य तेवढेच राहते, परंतु ते आता भिंतीच्या रूपात नसून मऊ फेराइटमध्ये विखुरलेल्या दाण्यांच्या रूपात असते. तड्याला सलग वाट मिळत नाही, फेराइट घणाखाली मोकळेपणाने पसरते आणि पोलाद मवाळ होते. नंतर योग्य तापमानावरून पाणी दिले की तेच पोलाद पुन्हा कठीण करता येते. या क्रियेला गोलकीकरण म्हणतात. सुमारे १ टक्का कार्बन व दीड टक्का क्रोमियम असलेले बेअरिंगचे पोलाद आजही यंत्रावर कातण्यापूर्वी याच अवस्थेत आणले जाते, आणि सुटा भाग तयार झाल्यावर त्याला अखेरची कठीणता दिली जाते.

कोनासमुद्रमच्या भट्टीतील १२ ते १६ तासांची आवर्तने या पार्श्वभूमीवर वाचली असता त्यांचा अर्थ उलगडतो. कारागिरांना सिमेंटाइट ठाऊक होते, असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. परंतु वेळ, उष्णता व आवर्तन यांचा परिणाम त्यांना ठाऊक होता आणि किती आवर्तनांनी काम होते याची कसोटी त्यांच्यापाशी होती. ही कसोटी घड्याळाची नव्हती, ती घणाखालील प्रतिसादाची होती.

विसाव्या शतकातील पुनर्शोध

१९७०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात ओलेग शर्बी व जेफ्री वड्सवर्थ यांनी १ ते २.१ टक्के कार्बन असलेल्या पोलादांचा अभ्यास हाती घेतला. उद्योगजगत तोवर अशी पोलादे अतिठिसूळ म्हणून बाजूला ठेवीत असे. नियंत्रित तापन व घडण यांनी रवे अत्यंत बारीक करून आणि सिमेंटाइटला सूक्ष्म गोलकांचे रूप देऊन त्यांनी दाखविले की हेच पोलाद योग्य तापमानाला तुटल्याविना मूळ लांबीच्या कित्येक पट ताणता येते. आपल्या पोलादाचे घटकप्रमाण दमास्कस तलवारींच्या जवळ जाते, हे ध्यानात आल्यावर त्यांनी १९८० व १९८५ मध्ये या ऐतिहासिक नात्याविषयी लिहिले.

आयोवा राज्य विद्यापीठातील जॉन व्हरहोव्हन आणि पाती घडविणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी निराळी वाट धरली. त्यांनी मुशीत वड्या तयार करून प्रत्यक्ष पाती घडविली आणि १९९८ मधील लेखात दाखविले की व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचे अत्यल्प अंश आणि घडणीतील वारंवार होणारे तापन-शीतन यांच्यामुळे सिमेंटाइटचे कण पट्ट्यांमध्ये मांडले जातात व पात्यावर नक्षी उमटते. दोन्ही गटांमध्ये नक्षीच्या कारणांविषयी मतभेद राहिले. एका मुद्द्यावर मात्र त्यांचे निष्कर्ष जुळतात. केवळ योग्य घटकांची वडी मिळविल्याने काम होत नाही, मंद उष्णतेवर पुन्हापुन्हा केलेल्या प्रक्रियेतूनच तिचे पाते होते. ज्या आवर्तनांनी पोलाद मवाळ होते, तशाच आवर्तनांतून त्याचे सौंदर्यही प्रकटते.

ऱ्हासाचा प्रश्न

वूट्झची विद्या 'लुप्त झाली' असे सर्रास लिहिले जाते. हे विधान तपासून पाहावे लागते. उत्तम नक्षीची पाती अठराव्या शतकाच्या मध्यानंतर दुर्मीळ होत गेली. धातुकाच्या विशिष्ट खाणी संपल्याने आवश्यक सूक्ष्म मूलद्रव्ये मिळेनाशी झाली असावीत, असे व्हरहोव्हन व पेंड्रे यांचे मत आहे. पोलादाचे उत्पादन मात्र त्यानंतरही चालू होते. व्हॉयसी व हीथ यांनी ते पाहिले, ते त्यानंतरच. पुढे १८५६ मधील बेसेमर प्रक्रियेने पोलाद स्वस्त झाले, १८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी कोळशासाठी लागणाऱ्या लाकडावर निर्बंध आले आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने शस्त्रांच्या बाजारपेठेवर आघात केला. एका वडीसाठी मुशीतील दीर्घ तापन आणि त्यावर पुन्हा तीन-चार वेळा बारा-सोळा तासांचे अनुशीतन, एवढा कोळसा व एवढे श्रम नव्या बाजारभावात बसणे अशक्य होते. मृदूकरणाचा टप्पा हिशेबात धरला की वूट्झचा ऱ्हास हा एखादे गुपित हरवल्याचा प्रसंग राहत नाही. ती इंधन, श्रम व बाजारपेठ यांच्या कोंडीत सापडलेल्या एका उद्योगाची कथा ठरते.

या संदर्भात हीथचे उत्तरायुष्यही बोलके आहे. भारतीय पोलाद जवळून पाहिलेल्या या गृहस्थाने १८३९ मध्ये इंग्लंडमध्ये मुशीच्या पोलादात मँगॅनीजचे कार्बनयुक्त संयुग मिसळण्याचे एकस्व घेतले. त्यामुळे हलक्या प्रतीच्या लोखंडापासूनही घडविण्याजोगे पोलाद मिळू लागले आणि शेफील्डच्या उद्योगाला मोठा लाभ झाला. पोलाद फुटू नये म्हणून काय करावे, हाच प्रश्न येथेही होता. कोनासमुद्रमने त्याचे उत्तर काळाच्या व उष्णतेच्या भाषेत दिले होते, शेफील्डने ते द्रव्याच्या भाषेत दिले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, वूट्झच्या कीर्तीचे श्रेय केवळ मुशीतील निर्मितीला देणे अपुरे आहे, कारण मृदूकरणाविना ती वडी निरुपयोगी होती. दोन, व्हॉयसी व हीथ यांची वर्णने मृदूकरणाच्या दोन भिन्न पद्धती दर्शवितात, त्यामुळे 'भारतीय पद्धत' असा एकवचनी उल्लेख सैल ठरतो. तीन, युरोपीय परीक्षकांचे लक्ष दीर्घकाळ घटकद्रव्यांवर केंद्रित राहिले आणि रचनेचा प्रश्न सूक्ष्मदर्शकाच्या आगमनानंतरच पुढे आला.

२०१० मध्ये बंगळुरूची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था आणि एक्सेटर विद्यापीठ यांनी उत्तर तेलंगणात प्राचीन धातुकामाच्या स्थळांचे सर्वेक्षण केले. मुशींचे तुकडे व मळीचे ढीग यांच्या नोंदी अशा प्रयत्नांतून होतात. मूस फुटते आणि तिच्या खापऱ्या मागे उरतात. अनुशीतनाच्या भट्टीच्या खुणा मात्र साध्या चुलीच्या खुणांपासून वेगळ्या काढणे कठीण असते. म्हणूनच जमिनीत ज्याचा पुरावा सहज टिकत नाही, अशा या टप्प्यासाठी जुन्या लेखी वर्णनांचे काळजीपूर्वक पुनर्वाचन, अर्धवट घडविलेल्या वड्यांचे सूक्ष्मदर्शकीय परीक्षण आणि लोहारकाम करणाऱ्या समाजांच्या स्मृतींचे संकलन ही तिन्ही कामे एकत्र होणे आवश्यक आहे. इतिहास, धातुशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनी परस्परांच्या मदतीने हाती घ्यावे असे हे कार्य आहे. पोलादाची धार संग्रहालयांत जपली गेली आहे. त्या पोलादाला सोळा-सोळा तास विस्तवाजवळ बसून मवाळ करणाऱ्या हातांची नोंद मात्र दोन-चार वाक्यांपलीकडे झालेली नाही.